रिकाम्या पाटीचं वजन

डिप्लोमा करून मी बोईसरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा होता. बॅटरी चार्ज करताना किती करंट जातोय हे दाखवणारे मीटर आम्ही बनवायचो. करंट धातूच्या एका जाड पट्टीतून जायचा. तिच्या दोन टोकांत मिलिव्होल्टमध्ये मोजावा इतकाच फरक पडायचा. तो ॲम्प्लिफायरने मोठा करायचा, मग काटा हलायचा. सर्किट माझं, सोल्डरिंग मावशीचं.

मावशी जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची. गुडघे धरले म्हणून मासळीची पाटी सोडून ती आमच्याकडे आली होती. शिकली नव्हती, पण तिचा टाका असा गोल, चकचकीत बसायचा की माझे टाके मी हाताने झाकून ठेवायचे.

एकदा करंट बंद असताना काटा शून्याच्या जरासा पुढे उभा दिसला. मावशी म्हणाली, "पोरी, रिकामी पाटी वजन दाखवते हाय."

मी हसले. ॲम्प्लिफायरची स्वतःची दोन मिलिव्होल्टची चूक होती ती. पट्टी पन्नास अँपियरला पंचाहत्तर मिलिव्होल्ट देणारी. त्यात दोन म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत! पेचकसाने फिरवून शून्य जुळवायच्या प्रीसेटची गरज नाही, असं मीच कागदावर लिहून दिलं होतं.

"भरल्या पाटीत कोण बगतो?" मावशी म्हणाली. "पण ओल्या पाटीत एकच बोंबील असला मंग? पाण्याचंच वजन व्हायचं."

मी "हो हो" म्हणून पुढच्या कामाला लागले.

महिनाभराने, एका शुक्रवारी, सगळे मीटर परत आले. करंट दोन अँपियरवर उतरला की चार्जिंग बंद करायचं असतं. आमचा काटा दोनवर येईचना. माणसं वाट बघत राहिली आणि बॅटऱ्यांचं पाणी आटून गेलं. दोन अँपियरला पट्टी देते तीनच मिलिव्होल्ट; त्यात माझे दोन मिसळले की काटा सव्वातीनच्या वर. हे मला उभ्या उभ्या कळलं. पण शेठ मावशीला म्हणाले, "टाके कच्चे पडलेत. वय झालं तुमचं, सोमवारपासून येऊ नका." आणि मी गप्प बसले. नोकरी पक्की व्हायची होती माझी.

मावशीने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि डबा उचलून गेली. ती बोटं दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

रविवारी रिक्षा करून नवापूर गाठलं. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून आधी चहा टाकला, मग म्हणाली, "हात गेला माजा."

"हात नाही गेला, मावशी. चूक माझ्या हिशेबात आहे. तुम्ही सांगितली होती तीच."

तिने कप खाली ठेवला. "शेठला सांगितलंस?"

"नाही."

"मंग मला काय सांगतेस? मला तर तवाच ठावं होतं."

सोमवारी मी सगळ्यांसमोर शेठना कागद दाखवला. पन्नास अँपियरला चूक किती, दहाला किती, दोनला किती. शेवटच्या आकड्यावर शेठ थांबले. मला जे काही बोलले ते मी लिहीत नाही, त्याच लायकीची होते मी. नोकरी पक्की व्हायला आणखी सहा महिने लागले. मावशीला आणायला मात्र त्यांनी लगेच गाडी पाठवली.

ती आली, चष्मा पुसला आणि पहिल्या मीटरला प्रीसेट जोडला. टाका तसाच, गोल. मग बारका पेचकस माझ्या हातातून काढून घेतला आणि करंट बंद ठेवून हळूहळू फिरवत काटा अगदी शून्यावर आणून बसवला.

"आता घाल तुजा बोंबील," म्हणाली.