कोणाच्या पाठीमागे बसू?

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीच्या एका कापूसवाल्या शेटजींनी शास्त्र्यांची सभा भरवली होती. माझे गुरुजी त्याच पावसाळ्यात गेले होते आणि माझा न्यायशास्त्राचा ग्रंथ अर्ध्यावर राहिला होता. नाशिकचे एक वृद्ध शास्त्री सभेला येणार, मनास आला तर एखादा विद्यार्थी सोबत नेणार, असं कळलं. मी अचलपुराहून दोन दिवस पायी चालत गेलो.

सभेत विद्यार्थी आपल्या गुरूच्या पाठीमागे बसतो. गेल्यागेल्या जो तो विचारी, "कोणाचे विद्यार्थी?" मी गुरुजींचं नाव सांगे. "अरेरे," म्हणून मंडळी पुढे सरकत. शेवटी मी दाराशी काढून ठेवलेल्या जोड्यांजवळच्या खांबाला टेकून बसलो. सकाळभर माझ्याशी कोणी धड चार शब्द बोललं नाही. इतकं एकटं मला गुरुजी गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

जेवणासाठी मंडळी उठू लागली तेव्हा मात्र मी हिय्या केला. पहिल्या रांगेत भरजरी शाल पांघरलेले एक गृहस्थ होते. हेच ते नाशिकचे शास्त्री, असं मी ठरवूनच टाकलं. साष्टांग नमस्कार घातला आणि गाव, गुरू, ग्रंथ कुठवर झालाय, असं वाटेत घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"हे मले काहून सांगून राहिला बापू?" ते गृहस्थ हसले. "मी तं कापसाचा दलाल आहो. शास्त्रीबुवा हे बाजूले बसले."

बाजूला विटकं उपरणं पांघरलेले एक म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आसपासचे विद्यार्थी फिदीफिदी हसत होते. ते हसले नाहीत.

"तुझे गुरुजी आणि मी एका पाठशाळेत होतो," ते म्हणाले. "त्यांच्या अंगावर कधी शाल पाहिलीस?"

"नाही."

"मग?"

एवढं विचारून ते जेवायला गेले. नाशिकला त्यांच्यासोबत दुसराच कोणी गेला.

परतताना कापसाच्या गाड्यांची धूळ खात मी एका झाडाखाली बसलो आणि गाठोडं सोडलं. वरच गुरुजींचं उपरणं होतं. त्याची ठिगळं मीच शिवलेली. सभेत पांघर म्हणून गुरुपत्नींनी ते मुद्दाम दिलं होतं, आणि एवढ्या शास्त्र्यांपुढे लाज वाटेल म्हणून मी ते बाहेर काढलंच नव्हतं.