पोरीनं मला ओळखलं नाही

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बिबडे उलटणं. घराच्या धाब्यावर धोतर पसरून ज्वारीचे ओले पापड वाळत घातले होते. ती म्हणाली, "तुम्ही परत बोट खुपसं! जा, खाले बठा." मी हसत खाली आलो. मागून ती उतरली, छातीला हात लावला आणि ओसरीवरच गेली. त्याला पस्तीस वर्षं होत आली.

आमची एकच पोर, तेव्हा तेरा वर्षांची. तिला तोंडं ओळखू येत नसत. धुळ्याच्या डॉक्टरानं सांगितलं होतं, "डोळे ठणठणीत आहेत. चेहरा ओळखायचं काम मेंदूचं. लहान पोरं मिशी, टिकली, चष्मा बघून माणूस धरतात. वयात येता येता अख्खा चेहरा एकदम ध्यानात बसायला लागतो. हिचं मागं पडलंय. वाट बघा." मी चौथी शिकलेला. एवढंच कळलं, की पोर मला मिशीवर ओळखते आणि आईला कपाळावरच्या गोंदणावर.

बायांनी तिच्या आईला हळद फासली, कपाळ कुंकवानं भरून टाकलं. गोंदण दिसेना. पोर बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, हाई बाई कोन शे? माय कवय ई?" आईसमोर उभं राहून विचारत होती, आई कधी येईल.

अग्नी मीच दिला. आमच्यात त्याच दिवशी डोकं, मिशी उतरवतात. न्हाव्यापुढं बसलो तेव्हा पोरीचं ध्यानातच आलं नाही. गाढवपणा.

घरी आलो तर ती दारात. रडून, धुरानं माझा घसा बसलेला. म्हटलं, "बेटा, मी शे."

ती दोन पावलं मागं सरली. "आबा घरमा नहीत. मायले लेवाले गयात. तुम्ही बठा, मी पानी आनस."

पाण्याचा तांब्या तिनं लांबूनच जमिनीवर ठेवला. सगळ्यांनी सांगितलं, हाच तुझा बाप. ती हो हो म्हणाली. संध्याकाळी शेजाऱ्यांनी आणलेल्या भाकरींतून तिनं दोन ताटं झाकून ठेवली, एक माझं, एक आईचं. मी ओसरीवर बसून बघत होतो.

सकाळी माझा धाकटा भाऊ राख सावडायला बोलवायला आला. "भाऊ, चाल ना, ऊन व्हयनं."

"राख काय पाय फुटीसन पयी जाई का? थांब."

मी पोरीसमोर उजेडात बसलो. म्हटलं, "मिशी नको धुंडू. बठ्ठं तोंड देख, अख्खं."

ती गुडघे टेकून बघायला लागली. डोळ्यांवरून कानाकडं, कानावरून हनुवटीकडं. माझी पापणी हलली.

"हालू नका," ती म्हणाली, "नहीतर परत पहिलेपासून."

मी श्वास धरून बसलो.