नावाड्याने लिंपलेली भिंत

बोंगछीचा आवाज चढला की किमहायची होडी धक्क्याला लागली, असं गाव समजायचं. मासळी कमी मिळाली म्हणून ती ओरडायची आणि जास्त मिळाली तर एवढी खारवणार कोण म्हणून ओरडायची. ओले कपडे उंबऱ्यावर टाकले, चपला वाटेत काढल्या, जेवताना पोराला दारूचा घोट दिला. कारण कधी कमी पडलं नाही. किमहाय आपला हसायचा आणि पायरीवर बसून बिडी ओढायचा.

बोंगछी या नावाचा अर्थच मुळी ‘असू दे, पोसू कशीतरी’. मुलीवर मुली झालेल्या घरात ती शेवटची. लहानपणी तिच्या वाटीत कढईतलं खरवडलेलंच यायचं. म्हणून की काय कोण जाणे, लग्न होऊन या बेटावर आल्यापासून तिने घरात कशाची वाण पडू दिली नाही. थंडीच्या तोंडाशी ईशान्येचा वारा सुटला की होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, आणि मग नवीन वर्ष उलटेपर्यंत पोटाची सोय घरातूनच करायची. माकुंग बंदरातून येणारी लाँच आली तर आली. रताळ्याचा वाळवलेला कीस, खारवलेला कोबी, सुकी मासळी, शेंगदाणे, रॉकेल असं सगळं तिच्या कोठीच्या खोलीत रांगेने उभं असायचं. त्यातल्या रांजणांवर ती रोज सकाळी एक हात फिरवायची. दर्यावरच्या माणसांची राखण करणाऱ्या माझूमातेपुढे उदबत्ती लावायची आणि मग रांजणांवरून हात फिरवायचा, एवढी तिची पूजा.

या सगळ्याचं मूळ होतं घरामागची बाग. समुद्रातल्या प्रवाळाचे खडबडीत दगड एकावर एक नुसते रचून केलेली कमरेच्या वरपर्यंतची भिंत, आणि तिच्या आत कोबी, लसूण, दोडका, मुळा. त्या भिंतीला ना माती ना चुना. आरपार भोकंच भोकं. नवी सून म्हणून बोंगछी पहिल्यांदा तिथे उभी राहिली तेव्हा सासू म्हणाली होती, “वाऱ्याला अडवायचं नाही गं, गाळून घ्यायचं. अडवलास तर तो भिंतीवरून उडी मारून आत पडतो, आणि सोबत दर्याचं मीठ घेऊन येतो.” बेटावरच जन्मलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. पुरुष मात्र बागेत पाय टाकत नाहीत. दर्या त्यांचा, बाग बायकांची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी किमहायला जेवण जाईना. खोकल्यातून रक्त पडायला लागलं. माकुंगच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि बोंगछीला आत बोलावून सांगितलं, की आता उपाय नाही, नव्या वर्षाचं जेवण त्याच्या नशिबी असेल असं वाटत नाही. ती बाहेर आली तेव्हा बाकावरून किमहायने विचारलं, “काय म्हणतो गं?”

“अशक्तपणा म्हणतो. आराम करा म्हणतो.”

“एवढं सांगायला तो मडमेसारखा पांढरा डगला घालून बसतो होय?”

लाँचवर तो डोळे मिटून पडून राहिला आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. त्याच वेळी तिने मनाशी ठरवलं, याला कळू द्यायचं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी त्याचे त्याला हसतखेळत जाऊ देत.

होडी त्याच्या धाकट्या भावाने घेतली. किमहाय घरी बसला. जन्मभर पाण्यावर राहिलेल्या माणसाला जमिनीवर काय करावं ते कळेना. मग एके दिवशी बोंगछी किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायला गेली असताना त्याने होडीच्या फटी बुजवायचं सामान काढलं. चुना, तेल आणि कुटलेला ताग एकत्र मळून केलेलं लुकण. ते तो इतकं चांगलं करायचा की दुसऱ्या गावचे लोक होडी घेऊन त्याच्याकडे यायचे. दम लागत होता, मधे मधे बसत होता, पण त्याने ईशान्येच्या अंगाची अख्खी भिंत लिंपून काढली. होडीला भोक असलं की होडी बुडते. मग भिंतीला एवढी भोकं ठेवून या बायका वर्षानुवर्षं बसल्या कशा, याचंच त्याला नवल वाटलं असावं.

बोंगछी टोपली घेऊन परतली तेव्हा तो भिंतीशी उकिडवा बसला होता. हात कोपरापर्यंत पांढरे. चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

“बघ,” तो म्हणाला. “आता घालू दे वाऱ्याला काय गोंधळ घालायचा तो. पाण्याचा थेंब शिरणार नाही.”

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ आग्योक कपडे वाळत घालत होती. तिने ते पाहिलं आणि हातातला पिळा तसाच धरून ती थांबली. आता जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं तिला वाटलं.

बोंगछी नुसतं म्हणाली, “छान झालंय. हात धुवून घ्या, चहा ठेवते.”

किमहायने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

तो आत गेल्यावर आग्योक भिंतीशी आली. “जाऊबाई, बरं आहे ना तुम्हाला? की भाऊजींचा ताप तुम्हाला चढला? लुकण ओलं आहे तोवर खरवडून काढा. उद्या वाळलं की दगडाचा बाप होईल ते.”

“राहू दे.”

“राहू दे? आणि थंडीत खाणार काय, लुकण?”

बोंगछी देवळात गेली. माझूमातेपुढे गुडघे टेकले आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेऊन कौल लावला. काढू का नको? दोन्ही चंद्रकोरी उताण्या पडल्या. देवी हसली, म्हणजे उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा टाकल्या. पुन्हा तेच. “आई, तुला हसू येतंय होय,” ती पुटपुटली आणि घरी आली. लुकण वाळलं.

वारा सुटला तेव्हा जे व्हायचं तेच झालं. तो लिंपलेल्या भिंतीवर आदळला, वर चढला आणि आत कोसळला. दोन दिवसांत कोबीची बाहेरची पानं कागदासारखी झाली, मग आतली काळी पडली. लसूण आडवा झाला. बोंगछी घागरी घागरी गोडं पाणी आणून पानांवरचं मीठ धूत राहिली, पण ते धुवून व्हायच्या आत पुन्हा बसायचं. शेवटी विहिरीतलं पाणी खारट लागायला लागलं तेव्हा तिने घागर पालथी घातली.

घरात ती काही बोलली नाही. आग्योकच्या बागेतला कोबी ती परसातून आणायची आणि खिमट करून किमहायला भरवायची.

“गोड लागतो की नाही?” किमहाय विचारायचा.

“लागतो.”

“भिंत बुजवली म्हणून. अगं, पण मला एकदा दाखव तरी बाग.”

“वारा आहे बाहेर. तो पडला की नेते.”

आग्योक कोबी देताना तोंड वाजवायची. “घ्या, घ्या. भाऊजींच्या भिंतीचा कोबी माझ्या बागेत उगवतो! उद्या माझा नवरासुद्धा तुमच्याच चुलीशी उगवायचा.” पण गड्डा मात्र मोठा बघून द्यायची. आणि एकदा तो देताना हळूच म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही त्यांना अलीकडे एक शब्द बोलत नाही. घर कसं सुतक असल्यासारखं झालंय. मला रात्री झोप लागत नाही हो, सवय नाही.”

“आजारी माणसाला काय बोलायचं?” बोंगछी म्हणाली.

मग वर्ष संपायच्या सुमारास एक दिवस वारा पडला. बोंगछी देवळात तेल घालायला गेली होती. परत आली तर अंथरूण रिकामं. ती धावत मागे गेली. किमहाय काठी मांडीवर आडवी ठेवून बागेत, काळ्या पडलेल्या वाफ्यांच्या मधे बसला होता. गोधडी अर्धी खांद्यावर, अर्धी मातीत.

“उठा,” ती म्हणाली. “गार जमीन आहे.”

तो उठला नाही. वाफ्यातला एक गड्डा त्याने हातात घेतला होता. पिळला तर त्यातून काळं पाणी आलं.

“मी केलं ना हे?”

“कीड पडली या वर्षी.”

“मी वेडा नाही गं. दर्यावरचाही वारा हाच, त्याने काय केलं ते कळतं मला.” त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, “मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“चप्पल उलटी पडली तर तू गल्ली डोक्यावर घेतेस. मी तुझी अख्खी भिंत लिंपली आणि तू म्हणालीस, छान झालंय, चहा ठेवते. तेव्हाच समजलो, मी काही आता वाचत नाही.”

बोंगछी मटकन तिथेच मातीत बसली. इतके दिवस तिने औषधाच्या पुड्या लपवल्या होत्या, डॉक्टरांचं नाव घरात काढलं नव्हतं, रडायचं ते न्हाणीघरात पाणी ओतता ओतता रडली होती. आणि तिच्या गप्प बसण्यानेच सगळं सांगून टाकलं होतं.

“मग बोलला का नाहीत?” तिने विचारलं.

“तू एवढा खटाटोप करून खोटं बोलत होतीस. म्हटलं, मोडू कशाला.” त्याने हातातला गड्डा खाली ठेवला. “फार एकटं वाटलं पण. दर्यावर धुक्यात सापडल्यावर किनाऱ्यावरचा भोंगा बंद पडावा ना, तसं. बोल गं काहीतरी. मला जिवंतपणी माझ्याच घरात पाहुण्यासारखं नको ठेवूस.”

बोंगछीने बाहीने नाक पुसलं. मग ती उभी राहिली.

“बोलू? मग ऐका. कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला भिंतीला हात लावायला? मी कधी येऊन तुमच्या होडीला भोक पाडलं? वर्षभराची बेगमी मातीत घातली! आणि या थंडीत, अंगात एक सदरा घालून, मातीत बसता? ती गोधडी तुमचा बाप धुणार आहे का?”

पलीकडे आग्योकच्या घराची खिडकी उघडली.

किमहाय ऐकत होता. “हळू गं,” तो म्हणाला, पण तिने हळू करू नये असंच त्याचं तोंड सांगत होतं. तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. अंगात काही वजनच उरलं नव्हतं. घरापर्यंत ती त्याला बोलत बोलत घेऊन गेली.

गार जमिनीने घात केला. त्याला ताप भरला तो उतरला नाही. तीन-चार दिवस बोंगछी त्याच्या उशाशी बसून बोलत होती. लग्नात त्याने उसने बूट घातले होते इथपासून सगळं काढलं. त्याचे डोळे मिटलेले असायचे, पण ती पाणी प्यायला थांबली की त्याची बोटं चटईवर हलायची. मग ती पुन्हा सुरू करायची. घसा बसला तरी बसक्या आवाजात बोलत राहिली. एका दुपारी असंच बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, की बोटं हलत नाहीत. तरी तिने तोंडातलं वाक्य पुरं केलं, आणि मग चूळ भरून देवाजवळ उदबत्ती लावली.

मुलगा बुनहोंग दर्यापलीकडच्या काऊशुंग शहरात कारखान्यात कामाला होता. वाऱ्यामुळे लाँच अडकली आणि तो पोचला तेव्हा बाप शवपेटीत होता. मातीला आलेल्या गावकऱ्यांत कोणीतरी त्याला सांगितलं, की तुझ्या आईने शेवटच्या घटकेपर्यंत बापाला सोडलं नाही, अख्ख्या आळीला ऐकू येत होतं.

तो स्वयंपाकघरात आला. बोंगछी पाहुण्यांसाठी कीस भिजत घालत होती.

“आई,” तो म्हणाला. “माणूस मरत होता गं. निदान तेव्हा तरी गप्प बसायचं होतंस.”

आग्योक चुलीशी होती. ती ताडकन वळली, “अरे, तुला काय माहीत—”

बोंगछीने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. आग्योक थांबली.

“बरोबर आहे तुझं,” बोंगछी मुलाला म्हणाली. “ताटं घे, लोक खोळंबलेत.”

नवीन वर्षाच्या आधीच बुनहोंग परत गेला. जाताना पाया पडला, पण तिच्याकडे त्याने बघितलं नाही. लाँच दिसेनाशी झाल्यावर बोंगछीने आग्योककडून छिन्नी आणि हातोडी मागून घेतली आणि भिंतीशी जाऊन बसली. लुकण खरंच दगडासारखं झालं होतं. हाताला फोड येईपर्यंत ठोकलं तेव्हा कुठे चिमूटभर निघालं. इतकं पक्कं लिंपणं किमहायशिवाय बेटावर कोणाला जमत नव्हतं.