थीसनसाहेबांच्या भाषणातला नेस्टर

वेलिश गावात एक नियम आहे. ऑक्टोबरातल्या गावजेवणाला पुढाऱ्याने खुशाल यावं, पण कॉफीची किटली हातात घ्यावी, टेबलाटेबलावर ओतत फिरावं आणि तोंड मिटून ठेवावं. मग तो सत्तेतला असो की विरोधातला. भाजलेली टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, समोर असताना भाषण कोण ऐकतो? या नियमाच्या जोरावर गावाने आजवर बरीच मोठमोठी तोंडं बंद ठेवली आहेत. यंदा तो मोडला, आणि मोडला तो लेडा हावरिशच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने.

नेस्टर हावरिश म्हणजे टर्की कापणारा नेस्टर. सुरी त्याची, धार त्याची आणि बडबडही त्याचीच. माणूस मनाचा मोकळा, पण टाळकं फिरलं की आवरायचा नाही. विरोधी पक्षाच्या पाट्या दर निवडणुकीला त्याच्या अंगणात सगळ्यात आधी लागायच्या. हवामान वाचवायचं म्हणून गॅस-तेलावर कार्बन कर आला तेव्हापासून तर गॅसचं बिल आलं की तो जेवणाच्या टेबलाशी उभा राहून ते मोठ्याने वाचायचा, आणि कराच्या ओळीपाशी आला की राजधानीतल्या मंत्र्यांच्या सात पिढ्या उद्धरायचा. "उणे चाळीसात राहून बघा म्हणावं लेको," तो म्हणायचा, "मग शिकवा आम्हाला हवामान." लेडा म्हणायची, "आधी बस आणि गिळ, सूप निवतंय."

त्याचं चुकत होतं असं लेडाला कधीच वाटलं नाही. तिचंही मत त्याच पेटीत पडायचं.

आता एका पाइपाबद्दल. वेलिशच्या प्रत्येक घराच्या तळघरात घर तापवणारी गॅसची भट्टी असते, आणि भट्टीला जळायला हवा लागते म्हणून बाहेरून एक जाड पाइप आत आणलेला असतो. थंडीत त्या पाइपातून असा गारठा येतो की कपडे धुवायला खाली गेलेल्या बाईचे पाय बधिर होतात. मग काय, पहिलं बर्फ पडायच्या सुमारास गडीमाणूस खाली उतरतो आणि पाइपात काहीतरी कोंबतो. कोणी उशी, कोणी गोणपाट. नेस्टरचा बाप कोंबायचा, नेस्टरही कोंबायचा, जुना रुई भरलेला कोट. घर इतकं फटीफटीचं होतं की भट्टीला हवी ती हवा खिडक्यांतून मिळायची, आणि कोणाला काही व्हायचं नाही.

पण गेल्या शरदात नेस्टरने खिडक्या बदलल्या. ऊर्जा वाचवा म्हणून सरकार पैसे देत होतं, आणि ज्या सरकारला तो उठता-बसता शिव्या घालायचा, त्याचे पैसे त्याने न लाजता घेतले. घर डबीसारखं बंद झालं. मग नोव्हेंबरात त्याने कोट कोंबला, आणि कर वाढलाय म्हणून यंदा चांगला ठासून कोंबला.

फेब्रुवारीत लेडा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे शहरात होती. नेस्टर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. भट्टीतला विषारी वायू घरभर पसरला होता, त्याला ना रंग ना वास. गावच्या अग्निशामक दलातल्या माणसाने पाइपातून तो कोट ओढून काढला, लेडाला आणि तिच्या मुलाला, ब्रेंटला दाखवला आणि हळूच म्हणाला, "बाई, हे कारण." ब्रेंटने कोट कचऱ्याच्या पिशवीत टाकला. "आई, हे गावात बोलायचं नाही," तो म्हणाला. "बाबांना लोक येडा म्हणतील."

आणि लेडा बोलली नाही. रॉल्फ थीसन, म्हणजे त्या भागाचे विरोधी पक्षाचे खासदार, दुखवट्याला घरी आले. बायकोने केलेला फळांचा केक घेऊन आले, हात हातात घेतला. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याने विचारलं, "बिलाची फार धास्ती घेतली होती का त्यांनी?" लेडा म्हणाली, "घेतली होती तर." खरंच होतं ते. पाहुण्याला अर्ध्या वाक्यात थांबवून उरलेलं सांगायची इथे रीत नाही, आणि तिच्यात तेवढं त्राणही नव्हतं. महिन्याभराने टीव्हीवर थीसन संसदेत उभा होता आणि म्हणत होता, "या सरकारच्या करापायी माझ्या भागातला एक म्हातारा घर उबदार ठेवायला घाबरला, आणि मेला." लेडाने टीव्ही बंद केला.

गावजेवणाच्या दिवशी ती नेहमीसारखी हॉलच्या स्वयंपाकघरात ग्रेव्ही ढवळत होती. थीसन किटली घेऊन फिरत होता. मग त्याने पंचमंडळींच्या कानात काहीतरी विचारलं. नेस्टरसाठी दोन शब्द म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? किटली खाली ठेवून त्याने माइक घेतला.

दोन शब्द कसले, वीस मिनिटं झाली. सगळं निघालं त्यात. भाव, व्याजाचे दर, धान्य वाळवायचा खर्च, समुद्रकाठच्या लोकांना घर तापवायच्या तेलावरचा कर माफ आणि आपल्या गॅसवर मात्र चालू. त्यातलं बरंचसं खरं होतं, माना डोलत होत्या, लेडाचीही डोलली. शेवटी तो म्हणाला, "आणि नेस्टरला कोणी मारलं ते तुम्हाला माहीत आहे."

लेडा दारात उभी होती, हातात ग्रेव्हीचं भांडं. समोर सगळं गाव. पुढच्या आठवड्यात बर्फ पडणार होतं. यातल्या काही बाप्यांनी पाइप आधीच कोंबले होते, उरलेले घरी जाऊन तळघरात उतरणार, आणि यंदा सरकारी पैशांतून कितीजणांच्या खिडक्या नव्या झाल्यात ते तिला पाठ होतं. ब्रेंटच्याही झाल्या होत्या. ब्रेंटच्या दोन्ही पोरी तळघरातल्या खोलीत झोपतात. एवढं एकच तिच्या डोक्यात आलं.

"रॉल्फ," ती म्हणाली, "नेस्टरने हवेच्या पाइपात कोट कोंबला होता. त्याने मेला तो."

तिने ग्रेव्हीचं भांडं जवळच्या टेबलावर ठेवलं.

"कर वाईटच आहे," ती म्हणाली. "तुम्ही भांडा त्याच्याशी, मी मत देते तुम्हाला. पण तुम्ही सगळे आधी घरी जाऊन पाइप मोकळे करा. नव्या खिडक्या असतील त्यांनी तर आजच करा."

थीसन तिच्यापाशी आला. डोळ्यांत पाणी होतं, आणि खोटं नव्हतं ते, हेच तर वाईट. त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि माइकमध्ये म्हणाला, "बघा. ही माउली स्वतःच्या घरात दोष शोधतेय. या कराने आपल्या माणसांची ही दशा केली." आणि वेलिश गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. तिच्यासाठीच वाजवत होते बिचारे.

स्वयंपाकघरात युनिस, तिची शाळेपासूनची मैत्रीण, ताटं खरवडत होती. "बये, चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढलीस," ती म्हणाली. "आता ग्रेव्ही गार झाली ती वेगळीच."

"युनिस, तुझ्या पाइपात काय आहे?"

"उशी. लग्नातली. तिचा तेवढा तरी उपयोग झाला."

"काढशील?"

"काढते की," युनिस गोड आवाजात म्हणाली. दारातल्या विक्रेत्याला आम्ही 'विचार करून कळवते' म्हणतो, तोच आवाज. लेडा जन्मभर याच गावात राहिलेली, तिला समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी चर्च आटोपून ती थेट ब्रेंटकडे गेली. सून कॉफी ठेवते म्हणाली, तर ही बूट न काढता तळघराच्या जिन्याने खाली. पोरींच्या खोलीला लागूनच भट्टी. पाइपात कॅम्पिंगची झोपायची पिशवी, नीट गुंडाळून, वरून चिकटपट्टी मारलेली. तिने ती नखांनी सोडवली आणि पिशवी ओढून बाहेर काढली. गार हवा तिच्या पायांवर आली.

ब्रेंट मागोमाग उतरला. "आई, काय चाललंय? पोरींना गारठा लागतो म्हणून घातलंय ते."

"गारठा लागू दे."

"काल माझी मान खाली गेली. थीसनचे लोक बाबांचा फोटो पोस्टरवर घेणार आहेत, अख्ख्या प्रांतात लागणार. आणि तू सांगत सुटलीस की बाबा मूर्खपणाने मेले."

"मूर्खपणानेच मेला," लेडा म्हणाली. "लाखातला माणूस होता आणि मूर्खपणाने मेला. पोस्टर लावा नाहीतर काही करा. मला तो तसाच हवाय, जसा होता तसा. आणि या पोरी मला हव्यात."

वर पोरी टीव्ही बघून हसत होत्या. मग ब्रेंटने आईच्या हातातली पिशवी घेतली, घडी केली आणि फळीवर ठेवली.

"पुन्हा नाही ना घालणार?"

"नाही गं, आई. तू जा आता निवांत."

गोड आवाज. अगदी युनिसचा.

लेडाने तो ऐकला, आणि अंगातला कोट काढून धाकटीच्या पलंगावर बसली. "मी इथेच राहते," ती म्हणाली. "बर्फ वितळेपर्यंत."

"आई, काहीतरीच काय."

"माझ्या उशा आण गाडीतून. सकाळीच टाकल्यात."

त्याने आणल्या. तिने त्या पलंगावर, पाइपाकडे तोंड येईल अशा लावल्या. गावातल्या बाकीच्या तळघरांत जाऊन बसायला मात्र कोणी नव्हतं.