चांगली आहे, पण आवडली का?

वाइन आयात करणाऱ्या त्या पेढीत तिला सगळे 'नाक' म्हणायचे, तेही तोंडावर. नवी खेप आली की मालक हाक मारायचे, “अरे, आधी नाकाला विचारा!” इतकी वर्षं तिचं काम एकच: वाइन ओतायची, बघायची, हुंगायची, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. तिच्या नवऱ्याला याची भारी गंमत वाटे. पाहुण्यांना तो हमखास सांगे, “आमच्या हिला थुंकायची नोकरी आहे.”

गेल्या महिन्यात तो गेला. सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. लोक आले, रडले, गेले. तिने सगळ्यांना चहा केला, मृत्यूचा दाखला आणला, त्याचे चष्मे एका खोक्यात भरले. बहीण म्हणाली, “अगं, एकदा रडून मोकळी हो.” तिने न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न करून पाहिला. रडू काही आलं नाही. मग ती कामावर जाऊ लागली. घरी बसून तरी काय करणार?

त्या दिवशी एक म्हातारे दंतवैद्य बाटली घेऊन आले. फ्रान्समधल्या बोर्दोची जुनी लाल वाइन. मुलीच्या जन्मानंतर त्यांनी आणि बायकोने हौसेने पेटी घेऊन ठेवली होती. बायको आता नव्हती, आणि मुलगी लग्न करत होती.

“उशिरा करतेय, पण करतेय,” ते हसत म्हणाले. “तेव्हा ही उघडावी म्हणतो. बिघडली असेल तर पाहुण्यांपुढे शोभा नको.”

बूच भुसभुशीत झालं होतं. तिने ते न तोडता अलगद ओढून काढलं आणि गाळ तळाशी राहील अशा बेताने वाइन दुसऱ्या भांड्यात उतरवली. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मध्ये गडद लाल, काठाला विटकरी. वास घेतला. एक घोट तोंडात फिरवला आणि थुंकला.

“काळ्या मनुका आहेत,” ती सांगू लागली. “मागे देवदाराचं लाकूड, तंबाखूचं कोरडं पान, थोडी ओली माती. तुरटपणा पूर्वी जीभ आवळत असेल, आता अगदी मऊ झालाय. आंबटपणा अजून जिवंत आहे म्हणून वाइन टिकून आहे. घोट गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. उत्तम आहे. लग्नात खुशाल उघडा, पण त्यापुढे फार ठेवू नका.”

मालकांनी मान डोलावली. दंतवैद्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे आवडली तुम्हाला?”

तिने पेल्याकडे पाहिलं. प्रश्न सोपा होता. जिभेने सगळं नीट ओळखलं होतं, एकही चूक नव्हती. पण ते सगळं शेजारच्या खोलीत कुणी मोठ्याने वाचून दाखवावं, तसं तिच्यापर्यंत पोचत होतं.

“चांगली आहे,” ती म्हणाली.

“ते कळलं हो. आवडली का?”

“अहो, यांचे मिस्टर नुकतेच...” मालक घाईघाईने म्हणाले.

“असू दे,” ती म्हणाली. “खरं सांगू? माहीत नाही. सध्या मला काही आवडत नाही, आणि नावडतही नाही.”

दंतवैद्य समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “दाढ काढली की मी पेशंटना बजावायचो, गाल बधिर आहे तोवर काही खाऊ नका. चावला गेला तरी कळणार नाही.”

“किती वेळ राहतं ते?”

“इंजेक्शनचं सांगता येतं. माझी बायको गेली तेव्हाचं मला नाही सांगता आलं.” त्यांनी दोन पेले पुढे ओढले. “बसा. ही थुंकायची नाही.”

कामाच्या जागी ती कधी पीत नसे. त्या दिवशी प्यायली. त्यांनी मुलीच्या हट्टीपणाचे एकदोन किस्से सांगितले. ती योग्य जागी हसली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. निघताना त्यांनी लग्नाचं आमंत्रण दिलं. “बघते,” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन तिने भात-आमटी गरम केली आणि टेबलाशी बसली. दुसऱ्या घासाला थांबली. आमटी अळणी होती. काल रात्री हीच आमटी तिने तशीच खाल्ली होती. ती उठली, मीठ घातलं, ढवळलं, चाखून पाहिलं, आणखी चिमूटभर घातलं. मग बसून सगळं जेवली.