जिन्यातलं टेबल

काल आमच्या विद्यापीठाच्या जिन्यात एक भन्नाट दृश्य होतं, आणि त्यात मीही होते! बैठकीचं नवं टेबल लिफ्टमध्ये मावेना. शिपाई सगळे परीक्षेच्या कामावर. शेवटी कुलसचिव, परीक्षा विभागाच्या मॅडम, वित्त अधिकारी देसाई आणि मी उपकुलसचिव, अशा चौघांनी चार कोपरे धरले.

कुलसचिवांना सदा घाई. देसाई प्रत्येक नव्या कल्पनेला "थांबा" म्हणणारे. त्यावरून दोघांची कायम धुसफूस.

वळणावर देसाई ओरडले, "थांबा!"

"कुठं अडतंय?" वरच्या बाजूने उलटं चढणाऱ्या कुलसचिवांनी विचारलं.

"टेबलाचा पाय कठड्यात अडकतोय. जरा तिरकं करा, सर."

तिरकं केलं आणि अहाहा, टेबल कसं अलगद वळलं! चौघंही घाईचे असतो, तर कठडाच मोडला असता. देसाईंच्या ज्या शब्दाला आम्ही इतकी वर्षं वैतागलो, तो त्यांना आमच्याआधी दिसलेला कठडा तर नसेल? सगळ्यांच्या हातात एकच ओझं आल्याशिवाय हे कळत नाही का माणसाला?

वर धापा टाकत त्याच टेबलाशी बसलो. विद्यार्थ्यांना सगळे दाखले एकाच खिडकीवर द्यायचे, हा माझा कितीदा तरी बारगळलेला प्रस्ताव मी पुन्हा मांडला.

"थांबा," देसाई म्हणाले.

एरवी विषय इथंच संपतो. काल कुलसचिव पुढे वाकले.

"कुठं अडतंय, देसाई?"