कुंदाचं सातवं प्रकरण

कुंदा गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी संताप आला. ‘बायबलच्या थोर उपासक प्रा. कुंदा साळवे यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. उपासक म्हणे! जन्मभर इतिहास शिकवला त्या बाईनं. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतलेली, घर पक्कं बौद्ध, आणि ती अभ्यास करायची पौल नावाच्या एका ख्रिस्ती प्रेषितानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्रांचा. एवढी साधी गोष्ट ह्या लोकांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरली नाही. स्मशानात वंदना चालू असताना आमचे एक निवृत्त सहकारी माझ्या कानाशी लागले, “मॅडम, ह्यांनी धर्म बदलला होता ना? मग इथं कसं काय?” मी म्हटलं, “सर, तुम्ही जन्मभर मोगल शिकवलेत. नमाज कधी पढताय, असं तुम्हाला कुणी विचारलं का?” ते दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. ह्याला सव्वा महिना झाला. आता तिचं पुस्तक निघतंय, आणि त्यातलं सातवं प्रकरण गाळून काढायचं घाटतंय. म्हणून पेपरात लिहायला बसले, नाहीतर स्मृतिलेख लिहिणाऱ्यांतली मी नव्हे.

आम्ही दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलो. ती इतिहासाला, मी मराठीला. मी ख्रिस्ती घरातली. नाताळात ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा आमचे अण्णा संध्याकाळच्या प्रार्थनेत पौलाचं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र वाचत होते. कुंदा हातात करंजी धरून ऐकत बसली होती. वाचन संपल्यावर तिनं विचारलं, “अण्णा, ह्याला उत्तर काय आलं?” अण्णांनी चष्मा काढला. “उत्तर नाय बाई. त्यांची पत्रं हरवली.” “म्हणजे भिंतीपलीकडच्या भांडणात एकाच बाईचा आवाज ऐकायचा आन् निकाल देऊन मोकळं व्हायचं व्हय?” आई घाबरून म्हणाली, “हिला अजून एक करंजी द्या गं.” अण्णा मात्र लई खूश झाले. घरात कुणी त्यांना असं विचारलंच नव्हतं... मीसुद्धा नाही.

त्या प्रश्नानं तिला जे धरलं ते सोडलंच नाही. चाळिशीत ती ग्रीक शिकली. पुंडलिकनगरच्या तिच्या घरी ओट्यामागच्या फरश्यांवर ग्रीक अक्षरांचे कागद चिकटवलेले असायचे, त्यांवर फोडणीचे डाग. देव हा तिचा विषय नव्हता. ती पत्रं कुठल्या गावात लिहिली, कुणी नेली, ज्यांना ऐकवली ते पोटापाण्याला काय करत होते, गुलाम आणि मालक एका पंगतीला बसले की आधी कुणाच्या पुढ्यात वाढलं जायचं, हे तिला हवं होतं. माझ्या चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे, ह्या बाईचं आपल्या शास्त्रात काय काम? तिच्याकडचे म्हणायचे, आपलं एवढं पडलंय करायला, ते टाकून ही दुसऱ्यांचं कशाला उकरते? आणि विद्वान? ते तर काहीच म्हणायचे नाहीत. चहा पाजून वाटेला लावायचे.

पौल पोटासाठी तंबू शिवायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे त्यावरून पुढं जातात. कुंदा तिथंच अडली. एका शनिवारी ती शहागंजच्या मागच्या गल्लीत रशीदभाईंच्या दुकानात जाऊन बसली. रशीदभाई ताडपत्र्या, मंडपाची कापडं, ट्रकवरची आच्छादनं शिवतात. मशीन आहे, पण जाड कडा आणि दोरीची भोकं अजून हातानंच, टोच्या आणि दाभणानं. तिनं त्यांना विचारलं, एवढं काम करून माणूस लोकांना शिकवणार कधी? ते हसले. “मॅडम, इस काम में हात फसे रहते, मुं खुल्ला रहता. गिराईक बैठा है, उसका माल फटेला है, वो किधर जाएगा? बात नै करे तो क्या करे?” कुंदा दुसऱ्या दिवशी माझ्याकडं नाचत आली. कामातनं वेळ काढून पौल शिकवत असेल, असं ती धरून चालली होती. दुकान हीच त्याची शाळा असेल, हे तिला कुठल्या पुस्तकानं नाही, रशीदभाईंनी दाखवलं.

मग तिचे शनिवार तिथंच जायला लागले. तिची एक पद्धत होती. ती पत्रं मुळात डोळ्यांनी वाचायला लिहिलेलीच नव्हती. ती घेऊन येणारा माणूस सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा, लोक त्याला आडवे प्रश्न विचारायचे. मग माझंही तसंच, ती म्हणायची. लिहिलेलं प्रत्येक प्रकरण ती आधी दुकानात वाचून दाखवायची, आणि जो हरकत घेईल त्याची हरकत समासात, त्याच्या नावासकट. पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं होतं की शिवणकाम हलकं मानलं जायचं, तेव्हा पौलाला त्याची शरम वाटत असणार. रशीदभाईंचा हात थांबला. “शरम किसकू आई? वो खुद बोला क्या वैसा? के लिखनेवाले लोगां बोले?” कुंदानं घरी येऊन सगळे आधार पुन्हा काढले. हलकं म्हणणारे झाडून सगळे श्रीमंत, हातात दाभण कधी न धरलेले. “शालू, ढीगभर वाचलं मी,” ती मला म्हणाली, “आणि माझ्या बापानं रेल्वेत हमाली केली. मला हा प्रश्न सुचायला नको? त्यांची शरम मी उचलून पौलाच्या गळ्यात घातली!” सबंध प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. तेच हे सातवं.

हस्तलिखित एका प्रकाशन समितीकडं गेलं. नाव घेत नाही, घेऊन कुणाचा मान वाढवायचा? समितीनं अभिप्राय मागवला तो माझ्याकडंच. मी ख्रिस्ती, मी प्राध्यापक, मी तिची मैत्रीण. आणि मी काय लिहिलं? की बाकी ग्रंथ मोलाचा आहे, पण ताडपत्री शिवणाऱ्याच्या सांगण्यावर इतिहास उभा राहत नाही, सातवं प्रकरण गाळावं. मला वाटलं मी तिला वाचवतेय. लोक हसतील, तिच्या एवढ्या कष्टांचं मातेरं होईल... असली कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण निराळं होतं. पुस्तकात माझे आभार रशीदभाईंच्या नावाखाली होते, आणि ते मला टोचलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कुंदाला अभिप्राय दाखवला गेला. ती घरी आली, खुर्चीत बसली नाही, दारातच उभी राहिली. “शालू, तू पण?” एवढंच. नंतर तिनं हस्तलिखित परत घेतलं आणि ते कपाटात ठेवून दिलं. आमचं येणंजाणं चालू राहिलं, सणाला डबे जात राहिले, पण पौलाचं नाव तिनं माझ्यापुढं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. असं आपण काय काय चालवून घेतो.

ती गेल्यावर शोकसभा झाली. तिचं एक पान न वाचलेल्या माणसांनी तिच्या ‘चिकाटी’वर भाषणं ठोकली. एकानं तर तिचा ‘आगळावेगळा छंद’ म्हटलं. छंद! तिकिटं जमवायची का ती? आणि तिथंच समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की श्रद्धांजली म्हणून ग्रंथ आम्ही काढणार. तिच्या भावानं, बाळूदादानं, विश्वासानं हस्तलिखित त्यांच्या हवाली केलं. आठवड्यानं त्याचा मला फोन. “बाई, ते सातवं काढून टाकायचं म्हणतेत. ताईनं त्याच्यासाठीच तर नाय म्हटलं होतं ना?” मी तडक समितीच्या कचेरीत गेले. वाघासारखी गेले, बरं का. मेलेल्या बाईच्या लिखाणाला कात्री लावायला लाज कशी वाटत नाही, इथपासून सुरुवात केली. अध्यक्षांनी शांतपणे फाईल उघडली आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. “बाई, आम्ही आमच्या मनानं काही करत नाही. तुमच्यासारख्या ख्रिस्ती विदुषीचाच हा अभिप्राय.” खाली माझी सही, ठसठशीत. मी म्हटलं, मागं घेते. ते म्हणाले, नोंद झालेला अभिप्राय मागं घेता येत नाही, आणि लेखिका हयात नसताना वाद कोण वाढवणार? मी लेखी पत्र दिलं. त्याचं उत्तर नाही. बाळूदादा म्हणतो, सातवं नसंल तर पुस्तकच नको. समिती हस्तलिखित परत द्यायला तयार नाही.

रशीदभाईंना तोंड दाखवणं भाग होतं. मागच्या शनिवारी गेले. दुकानात दोघं-तिघं बसलेले, ते कड शिवत होते. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्यांनी मान वर न करता विचारलं, “क्या लिखे थे आप?” मी शब्द सांगितले जसेच्या तसे, की शिवणाऱ्याच्या सांगण्यावर इतिहास उभा राहत नाही. त्यांनी दोरा ओढला, गाठ मारली, दातानं तोडला. मग म्हणाले, “तो फिर उस पौल का कायकू सुनते आप लोगां? वो भी तो सीनेवालाच था.”

बसलेल्यांतला एक जण हसला. मी विचारलं, तुमचं हे वाक्य पेपरात छापू का? “छापो,” ते म्हणाले. “लेकिन नाम के साथ. मॅडम वैसाच लिखते थे.”

तर माझा अभिप्राय चुकीचा होता आणि तो मी इथं सगळ्यांसमोर मागं घेते. माझ्या अभिप्रायावरची रशीदभाईंची ही हरकत सातव्या प्रकरणाच्या समासात घ्यावी. हरकत घेणारे: शेख रशीद शेख करीम, ताडपत्री शिवणारे, शहागंज.